मिटलेले प्रवाळ

घरातील खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत वाढविलेले सार्कोफायटन हे मृदू प्रवाळ एके दिवशी आपले पॉलिप आत ओढून घेते, अंगावर मेणासारखा पातळ थर चढतो आणि पाळणारा हवालदिल होतो. वस्तुतः हे प्रवाळ अधूनमधून अशी कात टाकतच असते. काही दिवसांत, क्वचित त्याहून उशिराने, थर गळून पडतो. पाण्याचा प्रवाह थोडा वाढविल्यास तो लवकर सुटतो. घात होतो तो घाईने. प्रवाळ रोज जागचे हलविणे, एकामागून एक औषधे ओतणे, हे उपाय दुखण्याहून जालीम ठरतात.

थर गळूनही ते उमलले नाही, तर मात्र पाणी तपासावे. उष्णतामान २४ ते २६ अंश सेल्सिअस आणि क्षारांचे प्रमाण हजारी ३५ च्या आसपास असावे. बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ मागेच राहते. म्हणून रोजची तूट क्षारविरहित पाण्यानेच भरून काढावी. शेजारीही पाहावेत. मृदू प्रवाळे टर्पीन वर्गातील विषारी द्रव्ये पाण्यात सोडतात व त्यांनी इतर प्रवाळे आक्रसतात. ही द्रव्ये शोषून घेण्यास सक्रिय कोळसा उपयोगी पडतो. थोडे थोडे पाणी बदलल्यानेही त्यांचे प्रमाण घटते.