आण्णांचा गज
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



'आमचे पूर्वज' या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा संयोजकांनी मला केली. पूर्वज म्हटले की दानशूर, धर्मनिष्ठ, करारी अशी विशेषणे ओळीने उभी राहतात. माझे आजोबा धर्मनिष्ठ खचितच होते. परंतु त्यांचे वर्णन एकाच शब्दात करावयाचे झाल्यास 'खोडकर' याखेरीज दुसरा शब्द मला सापडत नाही. व्यासपीठाने क्षमा करावी.

सांगलीच्या कापडपेठेत आमचे दुकान. आजोबांना घरीदारी सारेच 'आण्णा' म्हणत. 1956 साली वजनमापांचा नवा कायदा झाला आणि पुढील काही वर्षांत कापड वाराऐवजी मीटरने मोजणे सक्तीचे झाले. माझा जन्म 1959 चा. त्यामुळे हे स्थित्यंतर मी ऐकूनच जाणतो. आण्णांनी मीटरपट्टी आणली, हिशेब बदलला, पण गिऱ्हाईक बायकांना ते म्हणत, "सरकारने सारे बदलले, पण तुमच्या नऊवारीला 'सव्वाआठमीटरी' म्हणायचे धाडस काही केले नाही!" बायका पदर तोंडाला लावून हसत आणि एखादा खण अधिक घेऊन जात.

दुकानातून निवृत्त झालेला छत्तीस इंची लोखंडी गज घरी आला. गज म्हणजे माप आणि गज म्हणजे हत्तीही! आण्णांना एवढे पुरेसे होते. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवणे होत, त्यामुळे संध्याकाळ लांबलचक उरे. पंचकल्याणक पूजेत हत्तीवर बसण्याचा मान मिळवण्यासाठी जसे सवाल बोलतात, तसे आमच्या सोप्यात रोज सवाल होत. चलन चिंचोक्यांचे. "पाच चिंचोके एक वार, पाच चिंचोके दोन वार..." आण्णांचा खणखणीत आवाज शेजारच्या वाड्यापर्यंत जाई. जो जिंकेल तो गज पायांत धरून अंगणाला फेरी मारी आणि बाकीचे मागून वाजंत्री वाजवीत. माझ्या धाकट्या चुलतबहिणीची ओंजळ नेहमीच रिकामी. तिला आण्णा उधारी देत आणि ती रीतसर रोजमेळाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवीत. दिवाळीला वहीपूजनाच्या आधी ती वसूलही करीत. एका चिंचोक्याचीही सूट नसे. वडिलांना, म्हणजे तात्यांना, हा प्रकार मुळीच रुचत नसे. "दुकानच्या वहीत पोरखेळ?" असे ते म्हणत. आण्णा निरागसपणे उत्तर देत, "अरे, येणे ते येणेच!"

मी नऊ-दहा वर्षांचा असेन. ऐन लग्नसराईत दुकानात गर्दी. आण्णा मला म्हणाले, "सावकार, आज कापड कमी पडते आहे. शेजारच्या दुकानातून ताणायचा गज मागून आणा." मी धावत गेलो. शेजाऱ्यांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले, "आत्ताच पलीकडे दिला." पलीकडच्यांनी त्याच्या पुढच्याकडे धाडले. असा तासभर मी पेठ पालथी घातली. अखेर एका दुकानातील नोकराला हसू आवरले नाही आणि सारे माझ्या ध्यानात आले. मी रडत घरी गेलो आणि दोन दिवस आण्णांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "पेठेत असा गज कोणाकडेच नाही, एवढे तरी तुला कळले." (काहींकडे तो होता, हे मला पुढे धंद्यात पडल्यावर कळले. असो.)

त्या वर्षीची क्षमावाणी मला स्पष्ट आठवते. अनंत चतुर्दशी झाली, दशलक्षण पर्वाची सांगता झाली की मोठी माणसे एकमेकांना हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणत. लहानांनी मोठ्यांच्या पाया पडावे हा रिवाज. आण्णांचे उलट होते. ते रोजमेळ उघडून शेवटच्या पानावर वर्षभर टिपलेल्या आपल्या खोड्या वाचीत आणि ज्याच्या नावे जी खोडी असेल, त्या नातवापुढे हात जोडून उभे राहत. "तुला ताणायचा गज आणायला पाठवले. सारी पेठ तुला हसली, मीही हसलो. उत्तम क्षमा." ऐंशीच्या घरातले आण्णा माझ्यासमोर वाकले होते. मला हसू आले आणि मग का कोण जाणे, पुन्हा रडू आले. तशी खोडी त्यांनी फिरून कधी केली नाही. इतर पुष्कळ केल्या!

आता जे सांगणार आहे, ते घरातही मी कधी बोललो नाही. 1976 साली मी बी.कॉम.च्या पहिल्या वर्गात होतो. मिसरूड फुटली होती, इस्त्रीची विजार आली होती. क्षमावाणीच्या सकाळी महाविद्यालयातले दोन मित्र घरी आले होते. आण्णा वही घेऊन सोप्यात आले, चष्मा पुसू लागले. मित्रांदेखत हा पोरखेळ नको, असे मला वाटले. "आण्णा, मला उशीर होतोय," असे म्हणून मी चपला घातल्या. ते म्हणाले, "सावकार, तुमचे एकच कलम आहे." मी थांबलो नाही. संध्याकाळी परतल्यावर त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही. त्याच माघात, चारच दिवसांच्या आजारात, आण्णा गेले.

ती वही पुढे दुकानाच्या फडताळात जुन्या खतावण्यांसोबत राहिली. रोज नजरेसमोर होती. उघडून पाहण्यास एक क्षण पुरला असता; तो क्षण मला त्रेचाळीस वर्षांत सापडला नाही. कधी गिऱ्हाईक होते, कधी तात्या समोर होते आणि खरे सांगायचे तर, कधी धीर नव्हता. 2005 च्या पुरात वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाई त्याहून वर चढली. पाणी ओसरल्यावर शटर उघडले तेव्हा ठाणांचा चिखल झाला होता आणि वह्यांचा लगदा. माझ्या नावचे ते एक कलम काय होते, हे आता कोणालाच कळणार नाही.

गज मात्र घरी माडीवर होता, तो राहिला. थोडा गंजला आहे. माझी नात त्यावर बसून गच्चीत फेऱ्या मारते. तिच्याकडे माझे बारा चिंचोके येणे आहेत. लिहून ठेवले आहेत.

जय जिनेंद्र!