एका पोटार्थी लेखकाची फजिती

घोडेस्वार आणि बंदुका यांच्या गोष्टी लिहून पोट भरणारा लेखक खऱ्याखुऱ्या गुन्ह्यांत सांपडला, तर त्याची अवस्था काय होईल? प्रश्न ऐकतांच प्रथम हंसूंच येतें. कॅरोल रीड यांनीं दिग्दर्शित केलेला 'द थर्ड मॅन' हा १९४९ सालचा ब्रिटिश बोलपट या हंसण्यापासूनच आरंभ करतो. त्याची कथा ग्रॅहम ग्रीन या नामांकित कादंबरीकाराची. बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांनीं ज्या महाराष्ट्राला रात्रीच्या रात्री जागविलें, त्याला हा नायक परका वाटूं नये.

नायकाचें नांव हॉली मार्टिन्स. अमेरिकेंतील गुराख्यांच्या सवंग कथा लिहिणारा हा गृहस्थ, खिसा रिकामा असतां, हॅरी लाइम या जुन्या शाळासोबत्यानें देऊं केलेल्या नोकरीच्या आशेनें व्हिएन्नास येतो. महायुद्ध संपलेलें, शहर चार विजयी राष्ट्रांनीं वांटून घेतलेलें (हा ताबा १९५५ पर्यंत राहिला), घरें ढासळलेलीं आणि काळाबाजार मात्र तेजींत. मित्राच्या दारीं पोंचावें तों कळतें कीं मित्र मोटारीखालीं सांपडून वारला. प्रेत उचलणारे दोघे होते असें सारे सांगतात. इमारतीचा दरवान म्हणतो, तिघे होते. हा तिसरा कोण, हें शोधून काढण्याचा विडा आपला लेखक उचलतो.

येथून फजितीला रंग चढतो. एक सांस्कृतिक संस्थेचा चालक त्याला मोठा साहित्यिक समजून व्याख्यानाचें निमंत्रण देतो व पाहुणा म्हणून हॉटेलांत ठेवून घेतो. निर्धन लेखकाला नाहीं म्हणवत नाहीं. पुढें एके रात्रीं मोटारवाला त्याला घेऊन भरधाव सुटतो. मारेकऱ्यांनीं पळविलें, अशी मार्टिन्सची खात्री; उतरून पाहतो तों समोर व्याख्यानाचा जमलेला श्रोतृवर्ग! जेम्स जॉइसविषयीं आपलें मत काय, असें विचारतांच त्याची बोबडी वळते आणि मंडळी एकेक करून उठून जातात. तेथून जिवाच्या भीतीनें पळ काढावा, तर अंधाऱ्या खोलींतला पोपट त्याच्या हाताला कडकडून चावतो.

परंतु हा विनोद निरुपद्रवी नाहीं. दरवानानें विश्वासानें सांगितलेली गोष्ट मार्टिन्स एका संशयितालाच बोलून दाखवितो. थोड्याच वेळांत दरवानाचा खून होतो. स्वतःच्या कथांत पात्रें मारण्याची संवय असलेल्या लेखकाच्या बोलघेवडेपणापायीं एक खरा माणूस मरतो. ग्रीन यांच्या लेखणीचें सामर्थ्य अशा ठिकाणीं दिसतें. नुसती हंसवणूक पुष्कळांना साधते.

रहस्य उघड करणें हा श्रोत्यांवर अन्याय, असें कोणी म्हणेल. पण तें सांगितल्यावांचून बोलपटाची थोरवी सांगतां येत नाहीं. तो तिसरा मनुष्य म्हणजे स्वतः हॅरी लाइम. तो जिवंत आहे. ऑर्सन वेल्स यांनीं ही भूमिका अशा मोहक हास्यानें केली आहे कीं प्रेक्षकहि क्षणभर त्याचा मित्र होतो. याच लाइमचा धंदा मात्र लष्करी इस्पितळांतून चोरलेलें पेनिसिलिन पातळ करून विकण्याचा! लासलगांवच्या बाजारांत कोणी गाडींत वर निवडक कांदा व तळाशीं गोल्टी भरली, तर माल ओततांच लबाडी उघडी पडते. पातळ केलेलें औषध कोणत्या नजरेला ओळखूं येणार? तें ओळखूं येतें मेंदूज्वरानें पछाडलेल्या मुलांच्या खाटांपाशीं. मेजर कॅलोवे मार्टिन्सला तशा इस्पितळांत नेतो. मुलांचे चेहरे रीड दाखवीत नाहींत. पाहणाऱ्याचा चेहरा तेवढा दिसतो. हा संयम आजच्या अनेक दिग्दर्शकांनीं अभ्यासावा असा आहे.

मैत्री मोठी कीं हीं मुलें मोठीं? मार्टिन्स मित्राला पकडून देण्यास तयार होतो. गटारांतील पाठलागांत लाइमच्या गोळीनें सार्जंट पेन मरतो. मार्टिन्सचीं पुस्तकें आवडीनें वाचणारा साऱ्या व्हिएन्नांत हाच एक भेटला होता! शेवटीं लाइमवर गोळी झाडण्याचें काम मार्टिन्सवरच येतें.

नंतरच्या प्रसंगावरून लेखक व दिग्दर्शक यांचा मतभेद झाला. लाइमवर प्रेम करणारी अॅना आणि मार्टिन्स यांनीं बरोबर निघून जावें, असें ग्रीन यांना वाटत होतें. रीड यांना तें पटलें नाहीं. पडद्यावर स्मशानाबाहेरच्या लांब रस्त्यानें अॅना चालत येते, वाट पाहणाऱ्या मार्टिन्सकडे दृष्टिहि न टाकतां पुढें निघून जाते. अँटन कारास यांचें झिदर हें तंतुवाद्य तेवढें वाजत राहतें. रीड यांचेंच बरोबर होतें, हें पुढें ग्रीन यांनीं मोकळेपणानें मान्य केलें.