डाय बदलायला किती वेळ लागतो?

समोर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची मुलंमुली बरीच दिसताहेत, म्हणून आडवळण न घेता बोलतो. प्रोजेक्ट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे सेन्सर आणि ॲप येतं. येऊ द्या. पण तयार प्रोजेक्ट बाजारात विकत मिळतो, सोबत ब्लॅक बुक, म्हणजे बांधलेला रिपोर्टही मिळतो, हे तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्या गाईडलाही. मी बोलणार आहे ते विकत न मिळणाऱ्या प्रोजेक्टबद्दल.

तसल्या कामाची सुरुवात एका जुन्या किश्श्यातून सांगतो. 1950 साली जपानमधल्या हिरोशिमाला, पुढे माझ्दा म्हणून ओळखल्या गेलेल्या कारखान्यात शिगेओ शिंगो हे जपानी इंजिनिअर काम पाहत होते. मोठे प्रेस कामाला पुरे पडत नव्हते. 800 टनी प्रेसची डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायची वेळ आली. जुनी उतरली, नवी चढली आणि एक कामगार धावत सुटला. का, तर एक बोल्ट सापडेना! तासाहून जास्त वेळ गेला. शेवटी त्याने शेजारच्या प्रेसचा लांब बोल्ट घेतला, कापला, आटे पाडले आणि लावला. तेवढा वेळ तो अजस्र प्रेस ढिम्म उभा. शिंगोंनी तिथेच कामाचे दोन भाग पाडले: मशीन बंद असतानाच होणारं आणि मशीन चालू असताना उरकता येणारं. बोल्ट, पाने, क्लॅम्प आधी जुळवून ठेवणं हे दुसऱ्या भागातलं. 1969 मध्ये टोयोटात 1000 टनी प्रेसची डाय बदलायला चार तास लागत, ते दीड तासावर आले आणि नंतर तीन मिनिटांवर.

हे करायला पदवीच्या पोरांना काय लागतं? स्टॉपवॉच, वही आणि उभं राहायची तयारी. भोसरी-चाकणच्या कुठल्याही छोट्या प्रेसशॉपमध्ये जा. सेटिंग चालू असताना हेल्पर कुठे कुठे जातो त्याच्या रेघा नकाशावर ओढा. पाना आणायला एक फेरी, पॅकिंगच्या पट्ट्या शोधायला दुसरी, फोर्कलिफ्ट येईपर्यंत नुसतं थांबणं. डायची उंची वेगवेगळी असेल, तर दर वेळी प्रेसची शट हाइट, म्हणजे प्रेस पूर्ण खाली आल्यावर डायसाठी उरणारी उंची, जुळवत बसावं लागतं. डायखाली कायमच्या प्लेटा बसवून सगळ्या एका उंचीच्या केल्या, की ती कटकट संपते. आता इथे खरं डिझाइन सुरू होतं: प्लेट किती जाडीची, वजन किती वाढेल, क्रेनला झेपेल का?

स्टॉपवॉच दिसलं की कामगार बिचकतो, आणि त्याचं चुकत नाही. 1911 मध्ये अमेरिकेत वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्यात याच घड्याळावरून मोल्डरांनी काम बंद केलं होतं. तेव्हा आधी सांगा, वेळ तुमचा नाही मोजत, मशीन किती वेळ बंद राहतं ते मोजतोय. मग घड्याळ खिशात घालून विचारा, "काका, यात तुम्हाला वैताग कशाचा येतो?" निम्मा प्रोजेक्ट त्या उत्तरात असतो. एखादी सुधारणा कामगाराने सुचवलेली असेल, तर रिपोर्टमध्ये तसं लिहा; ते श्रेय आपल्या नावावर खपवणं मला चोरीच वाटते.

प्राध्यापक मंडळींना एक विनंती. व्हायव्हाला एक्स्टर्नल येतात, पानं चाळतात, चहा घेतात. त्याऐवजी त्यांना त्या प्रेसपाशी न्या. ऑपरेटरला डाय बदलायला सांगा, मुलांना बाजूला उभं करा आणि घड्याळ परीक्षकांच्या हातात द्या.