तळ्याकाठच्या केबिनची जमीन आणि नळ
(निधिसंकलनाच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



कार्यकारिणीने आम्हां तिन्ही कुटुंबांना "केबिनबद्दल बोला" म्हणून सांगितलं आणि लगेच "पण आटोपशीर" असंही बजावलं. तेव्हा सूर्यास्ताचं वर्णन गाळतो आणि थेट जमिनीखाली उतरतो.

उत्तर मिनेसोटातली ही केबिन १९५८ सालची. २०१९ मध्ये आम्ही तिघांत मिळून ती घेतली. बाथरूमची जमीन बसते आहे आणि नळ बदलावे लागतील, हे तपासणीच्या अहवालात स्वच्छ लिहिलेलं होतं. किंमत आवाक्यात आली ती त्यामुळेच. एका कंत्राटदाराने दुरुस्तीचा जो आकडा सांगितला तो ऐकून चहा गार झाला. दुसरा "फोन करतो" म्हणाला, तो अजून करतोच आहे. इकडे उन्हाळ्यात पुण्याहून आई-बाबा यायचे होते. पाय ठेवला की दबणाऱ्या जमिनीवर ऐंशीच्या घरातल्या माणसाला कसं पाठवायचं? मग ठरवलं, आपणच करू. काउंटीकडून परवाना काढला, विजेचं काम तेवढं परवानाधारक माणसाकडे दिलं, बाकी सगळं आम्ही.

लिनोलियम उचललं तर कमोडभोवतीचं लाकूड काळं पडलेलं. कमोडखाली मेणाची एक कडी असते. ती गेली की पाणी थेंबाथेंबाने वर्षानुवर्षं झिरपतं आणि वरून काही दिसत नाही. खालच्या तीन आडव्या तुळयांत, म्हणजे इकडच्या भाषेत जॉइस्टमध्ये, स्क्रू-ड्रायव्हर लोण्यात जावा तसा जायचा. त्यात पूर्वी कोणीतरी पाइप न्यायला तुळईच्या मधोमध खाच मारून ठेवली होती. तुळईच्या मधल्या तिसऱ्या भागात खाच मारायचीच नसते, सगळा ताण तिथेच येतो. भोक पाडायचं तर तुळईच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा मोठं नको आणि वरच्या-खालच्या कडेपासून दोन इंच आत हवं.

बसलेली जमीन उचलायची कशी? खाली तात्पुरती आडवी तुळई आणि तिला जॅक. पण घाई अजिबात चालत नाही. दिवसाला एक अष्टमांश इंच, बस्स. दारं, खिडक्यांच्या काचा, भिंती, सगळं त्या बसलेल्या जमिनीशी जुळवून घेत म्हातारं झालेलं असतं. पाऊण इंच उचलायला आम्हाला अख्खा आठवडा लागला. रोज संध्याकाळी जॅकला थोडा पीळ द्यायचा, कान देऊन कुरकुर ऐकायची आणि जेवायला बसायचं. मग प्रत्येक कुजक्या तुळईचा खराब भाग काढून तिच्या शेजारी पूर्ण लांबीची नवी तुळई चिकटवून बोल्टने आवळली. इथे एक गंमत. 'टू बाय एट' म्हणून जी फळी मिळते ती आज प्रत्यक्षात दीड बाय सव्वासात इंच असते. त्या काळची मात्र साधारण साडेसात इंच उंच. म्हणून दोघींच्या वरच्या कडा एका पातळीत ठेवायच्या आणि खालचा पाव इंच पाचर घालून भरायचा. वर पाऊण इंची प्लायवूड, तेही गोंद आणि स्क्रू लावून. नुसत्या खिळ्यांनी ठोकलं की पुढे पावलागणिक करकरतं. खालच्या मातीवर जाड प्लॅस्टिक अंथरलं, म्हणजे ओल वर येत नाही.

आता नळ. जुने लोखंडी पाइप आतून गंजून इतके अरुंद झाले होते की आमच्यातल्या डॉक्टरीणबाईंनी "बायपास करा" असा सल्ला दिला. तांब्याच्या तुकड्यांच्या सांध्यांत शिशाचा डाख असण्याची शक्यता होती (पिण्याच्या पाण्याच्या नळांना तो वापरायला अमेरिकेत बंदी आली १९८६ साली), म्हणून तेही काढले. सगळीकडे पेक्स घातला. लवचीक प्लॅस्टिकचा हा पाइप, गरम पाण्याला लाल, गारला निळा. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगतं. पेक्स थोडं सहन करतो, पण त्याच्या भरवशावर राहू नये. उणे तीस सेल्सिअसला खरा उपाय एकच, हिवाळ्यापूर्वी पाइप रिकामे करणं. म्हणून प्रत्येक पाइपला आपल्या मोरीसारखा उतार दिला आणि सगळ्यांत खालच्या जागी कॉक बसवला. सांडपाण्याच्या पाइपला उतार दर फुटाला पाव इंच. कमोड आणि बेसिनखालच्या वळणांत गुलाबी, बिनविषारी अँटिफ्रीझ ओतायचं. गाडीतलं चुकूनही नाही, ते विषारी असतं. जमीन बंद करण्यापूर्वी पाइपांत दाब भरून ठेवला. इन्स्पेक्टर आला, टॉर्च घेऊन रांगत सगळीकडे फिरला आणि सही करून गेला. त्या सहीचा आनंद आम्हाला ग्रीन कार्डापेक्षा कमी झाला नाही.

२०२२ च्या जूनमध्ये बाबांनी त्या बाथरूममध्ये पहिली अंघोळ केली आणि बाहेर येऊन "गिझर लहान आहे" एवढंच म्हणाले.

आता आजचा मुद्दा. येत्या उन्हाळ्यातले केबिनचे चार शनिवार-रविवार आम्ही लिलावाला ठेवतो आहोत. जमणारी सगळी रक्कम मराठवाड्यातल्या शाळांच्या पाण्याच्या टाक्यांसाठी जाईल. खर्च आम्ही त्यातून वळता करणार नाही. केबिनमध्ये आठ माणसं आरामात झोपतात, नवव्याने सोफ्याशी सलगी करावी. ऑक्टोबरमध्ये पाणी बंद करायला आम्ही जातो, तेव्हा ज्यांना कॉक उघडून पाइप रिकामे कसे करतात ते शिकायचं असेल त्यांनी जरूर यावं. गुडघ्यांना बांधायच्या गाद्या आणि पिठलं-भाकरी आमच्याकडून.