अथेन्समधील आमचे एक सत्र



परदेशातल्या अनुभवावर चार शब्द बोलावेत असा संस्थेचा आग्रह झाला, म्हणून आम्ही उभयता आपल्यापुढे उभे आहोत. आम्ही अमेरिकेतील एका विद्यापीठात शिकवतो. तिथल्या मुलांना एक सत्र परदेशात राहून शिकण्याची सोय असते. २०१९ साली जानेवारी ते मे या काळात अठरा विद्यार्थी घेऊन आम्ही ग्रीसच्या राजधानीत, अथेन्सला राहिलो. तिथल्या संगमरवरी देवळांची चित्रे आपण पुस्तकात पाहिलीच आहेत. आम्ही रोजच्या जगण्याबद्दल बोलणार आहोत.

पहिली फजिती भाषेने केली. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे होय आणि 'ओही' म्हणजे नाही! मराठी कानाला नेमके उलटे ऐकू येते. त्यात नकार देताना ते लोक मान हलवत नाहीत, हनुवटी नुसती वर करतात. आपल्याकडे ती खूण 'काय?' अशी. पाववाल्या बाईंनी हनुवटी वर केली की आम्ही पुन्हा विचारायचो, त्या पुन्हा वर करायच्या. पाव संपले आहेत हे कळायला पाच मिनिटे गेली.

पांग्राती नावाच्या वस्तीत तिसऱ्या मजल्यावर आमचे बिऱ्हाड होते. दुपारी साडेतीन ते साडेपाच ही तिथे विश्रांतीची वेळ. त्या वेळात गोंगाट करायचा नाही, असा कायदाच आहे. आम्हाला ते कुठले ठाऊक? पहिल्याच रविवारी चार वाजता कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या आजी दारात! पुढे त्यांच्याशी चांगले जमले. एकदा त्यांनी मसुराची आमटी आणून दिली. हो, मसूरच. फोडणी नाही, वरून ऑलिव्हचे तेल आणि थोडे व्हिनेगर. सत्र संपेपर्यंत ती आमच्या स्वयंपाकात रुळली.

आमचा विषय प्राचीन अथेन्सची लोकशाही. अर्धे वर्ग उघड्यावरच होत. एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षे हद्दपार करायचे असेल तर नागरिक खापराच्या तुकड्यावर त्याचे नाव खरवडून मत देत. थेमिस्टोक्लिस या सेनापतीचे नाव लिहिलेले असे १९० तुकडे १९३७ साली एका विहिरीत सापडले. त्यांवरची अक्षरे अवघ्या चौदा हातांची! म्हणजे मते आधीच लिहून वाटायला ठेवली होती. हे ऐकून मुले हसली. आम्हाला हसू आले नाही, आम्ही निवडणुका जवळून पाहिल्या आहेत.

मुलांना खरे हलवले ते लाव्रिओने. अथेन्सची चांदी तिथल्या खाणींतून येई. त्या चांदीवर आरमार उभे राहिले आणि इ.स.पूर्व ४८० मध्ये इराणचा पराभव झाला. खाणीत राबत ते हजारो गुलाम. बोगदे इतके अरुंद की सरपटत जावे लागे. गुलामांना मत नाही, स्त्रियांना नाही, बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनाही नाही. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत उरकलेले असते. बोगद्याच्या तोंडाशी उभे राहिल्यावर आमच्या वर्गातली सर्वांत बडबडी मुलगी परतीच्या बसमध्ये एक शब्द बोलली नाही.

आता बाजाराचे सांगतो. आठवड्यातून एकदा तिथे रस्त्यावर आपल्या आठवडे बाजारासारखा बाजार भरतो. मार्चमध्ये स्ट्रॉबेरीचे ढीग लागले. गाळ्यावर पेट्या उचलणाऱ्या एका तरुणाने आमचे बोलणे ऐकून हिंदीत विचारले, "इंडिया?" तो बांगलादेशचा. आधी मानोलादाला स्ट्रॉबेरी तोडायचा. ते नाव आम्हाला माहीत होते. २०१३ च्या एप्रिलमध्ये तिथे थकलेली मजुरी मागणाऱ्या बांगलादेशी मजुरांवर पहारेकऱ्यांनी गोळ्या झाडल्या होत्या, सुमारे तीस जण जखमी झाले. त्यांतले ४२ जण स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. ही सक्तीची मजुरी होती आणि ग्रीक सरकारने त्यांना संरक्षण दिले नाही, असा निकाल २०१७ साली लागला. हा तरुण त्या घटनेनंतर तिथे गेलेला. प्लॅस्टिकच्या झोपडीत दोन हंगाम काढून शहरात आला.

त्या दिवशी आम्ही स्ट्रॉबेरी घेतली नाही. मग घरी येऊन वाद झाला. न घेतल्याने त्याची मजुरी वाढणार होती का? आमच्यातल्या एकाचे मत आजही वेगळे आहे.

एका रविवारी त्याला सुट्टी होती. पनिक्स टेकडीवर, जिथे अथेन्सची लोकसभा भरत असे, तिथे आमच्या वर्गाला ये म्हटले, आणि तो खरोखर आला. वक्त्याच्या दगडी चौथऱ्यापुढे दोरी लावलेली, वर चढता येत नाही. आम्ही सांगत होतो की, गरिबाचा दिवस बुडू नये म्हणून पुढे पुढे सभेला येणाऱ्याला भत्ता मिळू लागला. आम्ही त्याला हिंदीत समजावले. तो म्हणाला, "नुसते ऐकायला पैसे? आम्हाला तोडायचेही वेळेवर मिळत नव्हते." मुलांनी अर्थ विचारला, आम्ही इंग्रजीत सांगितला. मग मुलेच त्याला प्रश्न विचारू लागली. पेटीमागे किती मिळायचे, आजारी पडल्यावर काय, कागदपत्रे कुणाकडे असायची. आमचा धडा तिथेच राहिला. दीड तास तो बोलत होता आणि आम्ही दोघे आळीपाळीने दुभाषी झालो होतो. पहाटे चारला बाजारात गाडी उतरवायची म्हणून तो सातच्या बसने गेला.