केलेलं ऑपरेशन परत जोडता येतं का?

आजचा विषय गटाच्या बैठकीत कुणी उघड काढत नाही. हप्ते जमा झाले, बायका उठल्या, की एखादी मागे राहते आणि हळूच विचारते, "ताई, कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन परत सोडवता येतं काय?" विचारणारीचं मूल गेलेलं असतं, नाहीतर तिचं दुसरं लग्न झालेलं असतं. म्हणून या प्रश्नाला हसू नये.

२६ डिसेंबर २००४ ला त्सुनामीच्या लाटा तमिळनाडूत नागपट्टणमच्या किनाऱ्यावर आल्या. आपल्यासारखीच होडी-जाळ्यावर जगणारी ती माणसं. कित्येक आयांची सगळी मुलं गेली, आणि ऑपरेशन तर आधीच झालेलं. तेव्हा तिथल्या सरकारने नळ्या परत जोडण्याच्या ऑपरेशनचा खर्च उचलला. काहींच्या घरी पुन्हा पाळणा हलला, काहींच्या नाही.

असं का, ते समजून घेऊया. कुटुंब नियोजनाच्या ऑपरेशनमध्ये गर्भपिशवी काढत नाहीत. तिच्या दोन बाजूंच्या नळ्या बंद करतात. पाळी येत राहते, पण स्त्रीबीज आणि पुरुषबीज यांची भेट होत नाही. जोडताना बंद भाग कापून चांगली टोकं अगदी बारीक टाक्यांनी जुळवतात. पिशवीच काढलेली असेल, तर जोडून उपयोग नाही.

यश कशावर ठरतं? पहिलं, नळी किती उरली आहे. बिनटाक्याच्या ऑपरेशनात रिंग बसवली असेल, तर नळीचा थोडाच भाग जातो. जास्त तुकडा कापला असेल, तर आशा कमी. दुसरं, वय. पस्तिशीनंतर शक्यता उतरत जाते. तिसरं, नवऱ्याची वीर्यतपासणी. बाईच्या पोटाला हात लावण्याआधी ही साधी तपासणी व्हायलाच हवी.

एक धोकाही ध्यानात ठेवा. जोडलेल्या नळीतच गर्भ राहू शकतो. पाळी चुकली की लगेच डॉक्टरांना दाखवा. ओटीपोटात एका बाजूला कळ, थोडं रक्त, चक्कर असं झालं, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. जिवाशी खेळ आहे तो.

आधी ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा. जुन्या ऑपरेशनचा कागद सोबत न्या. जोडणी कुठे होते, एकूण खर्च किती, आपल्या वयाला टेस्ट ट्यूब बेबी बरं पडेल का, हे सगळं विचारा. त्यात नळ्यांची गरज लागत नाही, पण खर्च मोठा असतो. "शंभर टक्के मूल होणार" असं कुणी सांगितलं, तर त्याच्या भरवशावर गटातून कर्ज उचलू नका.

आणि ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांना सांगतो: ते कायमचं समजूनच करा. मन डळमळीत असेल, तर तांबी आहे, तीन महिन्यांचं अंतरा इंजेक्शन आहे. पुरुषाची नसबंदी तर बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी.

कागदावर सही आपली असते, तसा निर्णयही आपला असावा. बंद करायचा तो, आणि जोडायचा तोही. दुसऱ्या घरात गेलेल्या बाईला जोडून घ्यायचं नसेल, तर तिच्यावर जबरदस्ती नको. आणि जोडूनही दिवस गेले नाहीत, तर तिला बोल लावू नका. गटातल्या बायकांनी तिच्या बाजूने उभं राहावं.