धंद्याची वेबसाईट : काय लिहावे, कसे लिहावे?

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यात शिक्षण आणि व्यवसाय या विषयावर चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा संस्थेने मला केली. मी पेशाने शिक्षक. व्यापारातले बारकावे आपल्यापैकी अनेकांना माझ्याहून अधिक ठाऊक आहेत. परंतु व्यापाराचा एक भाग आता लेखन-वाचनाच्या प्रांतात येऊन बसला आहे, आणि त्याविषयी शिक्षकाने बोलणे अप्रस्तुत ठरणार नाही. तो भाग म्हणजे आपल्या धंद्याच्या वेबसाईटवरचा मजकूर.

पूर्वी गिऱ्हाईक बाजारात येई, पाटी वाचे आणि दुकानात शिरे. आज ते घरबसल्या मोबाईलला विचारते. तेथे ज्याचे नाव निघाले, त्याच्याकडे मागणी जाते. बाकीच्यांचा माल कितीही चांगला असो, तो गिऱ्हाइकाच्या नजरेस पडत नाही. तेव्हा हा प्रश्न केवळ हौसेचा नाही, पोटापाण्याचा आहे.

प्रथम हे यंत्र कसे वाचते ते पाहू. स्टॅनफर्ड विद्यापीठात संशोधन करणाऱ्या लॅरी पेज व सर्गेई ब्रिन या दोन तरुणांनी १९९८ साली गुगल कंपनी स्थापन केली. ज्या पानाचा हवाला इतर चांगली पाने देतात, ते पान महत्त्वाचे मानावे, ही त्यांची मूळ कल्पना. सर्चचे काम तीन टप्प्यांत चालते. एक प्रोग्राम वेबसाईटवरून वेबसाईटवर फिरून पाने वाचतो. वाचलेल्याची, पुस्तकाच्या शेवटी असते तशी, सूची तयार होते. आणि कोणी प्रश्न विचारला की त्या सूचीतून योग्य पाने क्रमाने पुढे मांडली जातात.

नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले आणि या रीतीत भर पडली. गुगलनेही ऑगस्ट २०२४ पासून भारतात शोधाच्या निकालांवर एआयने तयार केलेले उत्तर दाखवण्यास सुरुवात केली. येथे यंत्र नुसती यादी देत नाही. ते अनेक पानांतून उतारे निवडते आणि त्यांवरून स्वतः उत्तर रचते. याचा परिणाम मोठा आहे. अमेरिकेतील प्यू रिसर्च सेंटरने मार्च २०२५ मधील वापराची पाहणी केली. एआयचा सारांश दिसला तेव्हा लोकांनी १०० पैकी ८ वेळा खालच्या दुव्यावर बोट ठेवले; सारांश नव्हता तेव्हा १५ वेळा. म्हणजे वेबसाईटवर येणारे कमी झाले. अशा वेळी त्या उत्तरातच आपले नाव व आपली माहिती येणे महत्त्वाचे ठरते.

आता मजकुराकडे वळू. परीक्षक उत्तरपत्रिका तपासतो तेव्हा किती पुरवण्या जोडल्या हे पाहत नाही. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोठे आहे, ते शोधतो. वेबसाईटचेही तसेच आहे. कोकणातील हापूस विकणाऱ्याचे उदाहरण घ्या. "उत्तम दर्जा, तत्पर सेवा, ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय" असे लिहिले, तर गिऱ्हाइकाच्या एकाही प्रश्नाला उत्तर मिळत नाही. त्याला विचारायचे असते : आंबा कोणत्या गावचा? पेटीत किती डझन? भाव काय? पुण्याला घरपोच येईल का? किती दिवसांत पिकेल? कार्बाईड वापरले आहे का? भारतात कार्बाईडने फळे पिकवण्यास बंदी आहे, म्हणून हा प्रश्न हमखास येतो. आपण आंबा कशात आणि कसा पिकवतो ते सरळ लिहावे. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांसाठी आहे. ज्याने त्याखाली नोंदणी केली आहे, त्याने तसे नमूद करावे. ज्याने केलेली नाही, त्याने करू नये.

लिहिताना काही पथ्ये पाळावीत. पहिले, पानाचे शीर्षक गिऱ्हाइकाच्या तोंडच्या शब्दांत असावे. दुसरे, प्रत्येक परिच्छेद सुटा वाचला तरी समजावा. एआय मधलाच उतारा उचलते. त्यात "हे आमच्याकडे मिळते" एवढेच असेल, तर "हे" म्हणजे काय ते कळणार नाही. तिसरे, भावपत्रकाचा नुसता फोटो लावू नये. तीच माहिती अक्षरांत लिहावी, म्हणजे यंत्राला ती खात्रीने वाचता येते. चौथे, दुकानाचे नाव, पत्ता, फोन आणि वेळ सर्वत्र एकसारखी असावी. गुगलच्या नकाशावर दुकानाची नोंद विनामूल्य करता येते, ती अवश्य करावी. पाचवे, भाव बदलला की पान बदलावे. गतवर्षीचा भाव राहिला, तर यंत्र तोच सांगेल आणि गिऱ्हाईक आपल्याशी वाद घालील.

वेबसाईट तयार करून देणाऱ्याला आणखी एक गोष्ट विचारावी. कोणत्या प्रोग्रामला आत येऊ द्यायचे, हे मालकाला एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवता येते. चॅटजीपीटीच्या कंपनीचे एआयला शिकवण्यासाठी मजकूर गोळा करणारा व सर्चसाठी वाचणारा, असे दोन वेगळे प्रोग्राम आहेत. पहिल्याला मनाई करून दुसऱ्याला परवानगी देता येते. चुकून दोघांनाही दार बंद झाले, तर चॅटजीपीटीपुरती मेहनत फुकट जाईल.

याच क्षेत्रात फसवणूकही फार आहे. "इतके पैसे द्या, पहिला नंबर आणून देतो" असे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे खुद्द गुगलने लिहून ठेवले आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये गुगलने बीएमडब्ल्यू या बलाढ्य मोटार कंपनीची जर्मन वेबसाईट आपल्या सूचीतून काढून टाकली होती, कारण यंत्राला एक पान आणि माणसाला दुसरे पान दाखवले जात होते. दुरुस्ती झाल्यावरच तिला परत घेतले. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर आपली काय कथा! एआयकडून शेकडो पाने लिहून घेऊन वेबसाईट भरणे हाही उपाय नव्हे. केवळ वरचा क्रमांक मिळवण्यासाठी घाऊक प्रमाणात तयार केलेल्या मजकुराविरुद्ध गुगलने मार्च २०२४ मध्ये नियम कडक केले. प्रिन्स्टन विद्यापीठातील व इतर संशोधकांनी केलेल्या अभ्यासातही दिसले, की आकडे व आधार दिलेला मजकूर एआयच्या उत्तरांत अधिक येतो. तेच ते शब्द कोंबल्याने लाभ होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे काम सुरू होते. तुमच्या घरी कोणाचे कापडाचे दुकान असेल, कोणाची बेकरी असेल, कोणाची आई घरी मसाले कुटून विकत असेल. आठवडाभर वडिलांजवळ किंवा आईजवळ बसा आणि गिऱ्हाईक जे जे विचारते ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा. त्यांतील नेहमीचे दहा प्रश्न निवडा आणि प्रत्येकाचे खरे, नेमके उत्तर पाच-सहा ओळींत लिहा. मराठीत लिहा, जमेल तसे हिंदी, उर्दू व इंग्रजीतही लिहा, कारण गिऱ्हाईक या सर्व भाषांत विचारते. मग घरच्या माणसांकडून ते तपासून घ्या. मालाची पारख त्यांना आहे, लेखणी तुमच्या हाती आहे.

आणि पालकांना माझी विनंती अशी, की मुलगा किंवा मुलगी वही घेऊन बाजूला बसली, तर तिला "अभ्यास कर जा" म्हणून उठवू नका. ती जे करीत आहे, तो अभ्यासच आहे.